रेडिओ मेला म्हणणाऱ्यांनो, आधी निळी वायर जोडा

गाडीत नवा स्टिरिओ बसवला आणि रेडिओची खरखर सुरू झाली, की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, इथे सिग्नलच वीक आहे." गिऱ्हाईक पुन्हा गेलं तर उत्तर बदलतं: "बूस्टर टाकावा लागेल." तरीही ते चिकाटीने परत गेलं, तर शेवटचा पत्ता टाकला जातो: "आता रेडिओ कोण ऐकतं? फोन जोडा की." ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. नुसते दुकानदारच असं बोलत असते तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण आता चांगली शिकलेली, गाड्यांचं भरपूर वाचणारी माणसंही हेच बोलू लागली आहेत. नवा स्टिरिओ आला की रेडिओ जाणारच, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं आहे. मला हे मान्य नाही.

साधा विचार करून बघा. कालपर्यंत याच गाडीत, याच रस्त्यावर, टपावरच्या याच एरियलवर आकाशवाणी पुण्याचं १०१ स्वच्छ लागत होतं. आज लागत नाही. मधल्या एका दिवसात आकाशवाणीने प्रक्षेपक हलवला नाही, डोंगर वाढला नाही, एरियलही कुणी काढून नेला नाही. बदललं ते एवढंच, की कुणीतरी डॅशबोर्डची पट्टी उचकटली, जुना सेट बाहेर काढला आणि नवा आत सरकवला. मग दोष शोधायचा कुठे? जिथे हात लागला तिथे. सिग्नलला नावं ठेवणाऱ्याने शेजारच्या, कंपनीचा सेट असलेल्या गाडीत तेच स्टेशन लावून बघावं. तिथे ते लागलं, की हवेवरचा आरोप संपला.

आता हात लागला तिथे नेमकं काय बिघडतं ते सांगायला हवं, कारण सगळा वाद तिथेच सुटतो.

एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झचा. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर होते आणि गाडीच्या एरियलला तिच्या चौथ्या हिश्श्याची, म्हणजे सुमारे पाऊण मीटरची काडी उत्तम. जुन्या फियाटला किंवा मारुती ८०० ला हाताने ओढून लांब करायची जी काडी असायची, तिची लांबी साधारण या हिशेबातली होती. त्या एरियलला वीज लागत नसे. काडीने पकडलेला सिग्नल वायरीतून सरळ सेटमध्ये. अशा गाडीत सेट बदलला तरी एरियलची पिन नीट बसली की काम झालं.

पुढे काडी आखूड झाली. टपावर मागच्या बाजूला वीतभर दांडी आली, मग शार्कच्या पाठीवरच्या परासारखा प्लास्टिकचा उंचवटा आला, काही गाड्यांत एरियल मागच्या काचेतल्या बारीक रेघांमध्ये गेला. लांबी घटली तशी पकडही घटली, आणि ती भरून काढायला गाडीच्या कंपन्यांनी पुष्कळ मॉडेलांत एरियलच्या बुडाशीच एक छोटा अँप्लिफायर बसवला. या अँप्लिफायरला १२ व्होल्ट लागतात. ते त्याला कोण देतं? स्टिरिओ. कंपनीचा सेट सुरू झाला की तो आपसूक वीज पाठवतो, त्यामुळे मालकाला या व्यवहाराचा पत्ताच नसतो.

बाजारातून घेतलेल्या स्टिरिओत याच कामासाठी एक वेगळी वायर असते. तिचा रंग निळा. पिवळी वायर कायम बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची, काळी अर्थिंगची, निळी एरियलची; निळ्यावर पांढरी रेघ असेल तर ती वेगळ्या अँप्लिफायरला चालू करण्याची. हे रंग बहुतेक कंपन्या पाळतात आणि सेटच्या खोक्यातल्या कागदावर, बऱ्याचदा सेटच्या डोक्यावरच्या स्टिकरवरही, ते छापलेले असतात. आयएसओ कपलरवर या निळ्या वायरीची जागासुद्धा ठरलेली आहे: विजेच्या, म्हणजे 'ए' कपलरची पाच नंबरची पिन. निळी वायर जोडली नाही तर स्टिरिओ सुरू होतो, गाणी वाजतात, ब्लूटूथ जुळतं, रिव्हर्स कॅमेरा दिसतो. फक्त टपावरचा अँप्लिफायर मेलेला राहतो. आणि वीज नसलेला अँप्लिफायर सिग्नल आहे तसा पुढे सोडत नाही. त्यातला बराचसा अडवतो. म्हणून अशा गाडीत जवळचं, ताकदवान स्टेशन खरखरत का होईना लागतं आणि बाकीची गायब होतात. दुकानदार तेच एक स्टेशन लावून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, चालू आहे की!"

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. तिथे अँप्लिफायरची वीज वेगळ्या वायरीने जात नाही. ज्या केबलमधून सिग्नल खाली येतो, त्याच केबलच्या मधल्या तारेतून १२ व्होल्ट वर जातात. ही कंपनीची खोड नाही, एक वायर वाचवणारी चांगली रचना आहे. पण साधा स्टिरिओ एरियलच्या पिनेतून वीज पाठवत नाही. म्हणून मध्ये एक खास अडॅप्टर लागतो. त्याच्या एका टोकाला गाडीकडचा चौकोनी प्लास्टिकचा फाक्रा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला स्टिरिओकडची जुन्या पद्धतीची जाड पिन, आणि मधून बाहेर आलेली एक निळी शेपटी. ती शेपटी स्टिरिओच्या निळ्या वायरीला जोडायची. काम एवढंच.

माझ्या मेहुण्याच्या, याच गटातल्या आणि चाकणला तयार झालेल्या रॅपिडमध्ये मोठ्या स्क्रीनचा सेट बसवला आणि सिंहगड रस्त्यावर रेडिओ ठार झाला. दुकानाने सिग्नलला दोष दिला आणि मग बूस्टरचा खर्च सांगितला. आम्ही त्याच्या अंगणात पट्टी काढली, चार स्क्रू सोडवले, सेट पुढे ओढला. मागे फिटरने सगळं छान बांधलं होतं. वायरी टायने आवळलेल्या, जॉइंटना टेप, कुठे उघडं तांबं नाही. अडॅप्टरही योग्य तोच होता, शेपटीवाला. पण ती निळी शेपटी दुमडून, तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून केबललाच चिकटवून टाकलेली होती. आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर स्टिरिओची निळी वायर, तीही टेप लावून बंद केलेली. आधी स्टिरिओच्या निळ्या वायरीला मल्टिमीटर लावला. रेडिओ सुरू करताच बारा व्होल्ट दिसले. सेट बंद करून दोन्ही टेपा काढल्या, तारा पिळल्या, डाग दिला, वर टेप लावली. पुन्हा सेट सुरू केला तर १०१ लागलं, आणि त्याच्या मागोमाग पुणे विद्यापीठाची विद्यावाणीसुद्धा, १०७.४ वर. नवा भाग एकही लागला नाही.

ज्या माणसाने हे बसवलं तो अडाणी नव्हता. त्याचं बांधकाम बघून कुणीही त्याला शाबासकी दिली असती. त्याला त्या वायरीचं काम कुणी सांगितलं नव्हतं आणि रेडिओ तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही अशी त्याच्या मालकाची शिस्त नव्हती. फिटरला गाडीमागे पैसे मिळतात, दिवसाला गाड्या उरकायच्या असतात, माहितीचा कागद खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. म्हणून माझा राग फिटरवर नाही. जो मालक काउंटरवर बसून "सिग्नल वीक आहे" असं बेधडक सांगतो, त्याच्यावर आहे. त्याला ठाऊक नसेल तर त्याने "बघून सांगतो" म्हणावं. न बघता हवेला दोष देणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

आता बूस्टर. दुकानात मिळणारी ही डबी एरियलची केबल आणि स्टिरिओ यांच्या मधे बसते आणि आलेला सिग्नल मोठा करते. ऐकायला गोष्ट पटते, पण ती उलटी आहे. केबलच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत सिग्नल आधीच क्षीण झालेला असतो आणि वाटेत त्यात गाडीचा स्वतःचा विद्युत गोंगाट मिसळलेला असतो. बूस्टर दोन्ही सारख्याच पटीत वाढवतो, वर स्वतःची खरखर घालतो. गढूळ पाणी मोठ्या पंपाने उपसलं म्हणून स्वच्छ होत नाही. संपूर्ण साखळीतली खरखर मुख्यतः तिच्या पहिल्या अँप्लिफायरवर ठरते, हे हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये गणिताने मांडलं; रेडिओ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते आजही पहिल्या काही धड्यांतच शिकवतात. गाडीच्या कंपनीने अँप्लिफायर टपावर, एरियलच्या बुडाशी बसवला तो याच कारणाने. तो मेलेला ठेवायचा आणि तीन-चार मीटर केबल संपल्यावर दुसरा विकत घेऊन लावायचा, याला उपाय कसं म्हणायचं?

शहरात तर बूस्टर उघड नुकसान करतो. मुंबईत किंवा पुण्यात प्रक्षेपकाजवळून जाताना सिग्नल मुळातच दांडगा असतो. तो आणखी फुगवून सेटमध्ये सोडला की सेटचा पुढचा भाग गुदमरतो, दोन ताकदवान स्टेशनं एकमेकांत मिसळतात आणि भलत्याच आकड्यावर तिसरंच काहीतरी ऐकू येतं. गिऱ्हाईक म्हणतं, बूस्टर टाकूनही फरक नाही. दुकानदार म्हणतो, बघा, मी म्हटलंच होतं, सिग्नलच खराब. अशा रीतीने चुकीचा उपाय चुकीच्या निदानाचा पुरावा होऊन बसतो.

एक गोष्ट मी मान्य करतो, आणि ती मोकळेपणाने करतो. स्वस्त अँड्रॉइड सेटमध्ये रेडिओचा भाग पुष्कळदा निकृष्ट असतो. त्यांच्या जाहिरातीत रॅम किती, स्क्रीन केवढी, हे मोठ्या अक्षरांत असतं. ट्यूनरबद्दल अवाक्षर नसतं. शिवाय त्या सेटचा प्रोसेसर आणि स्क्रीन स्वतःच गोंगाट करतात. पण "चायनाचा माल असाच असतो" म्हणून हात झटकणाऱ्यांना मी विचारतो, की त्या सेटची सेटिंग तुम्ही उघडून बघितली का? बहुतेकांनी नाही. कारण तिथे दुसरा मोठा घोळ बसलेला असतो, आणि तो फुकटात सुटतो.

या सेटमध्ये रेडिओसाठी देश किंवा प्रदेश निवडावा लागतो. कारखान्यातून तो कधी अमेरिकेवर ठेवलेला येतो. अमेरिकेत एफएम स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि दशांश चिन्हापुढे विषम आकड्यावरच असतात: ९१.१, ९१.३, ९१.५. त्यामुळे अमेरिकेवर लावलेले बहुतेक सेट तशाच उड्या मारतात. आता पुण्यातली स्टेशनं बघा. ९१.१ लागतं, ९४.३ लागतं, ९८.३ लागतं. मोठी, जाहिरातींची स्टेशनं बरोब्बर या उड्यांवर येतात. पण आकाशवाणीचं १०१.० लागत नाही, सेट १००.९ वर थांबतो किंवा १०१.१ वर, आणि दोन्हीकडे आवाज फाटतो. विद्यावाणीच्या १०७.४ चं तेच. साताऱ्यातल्या म्हसवडहून चालणारी माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर आहे, तिचंही तेच. या सामुदायिक केंद्रांना परवानाच १०० वॉट प्रभावी ताकदीचा मिळतो. आधीच कमी ताकद, त्यात सेट तिच्या आकड्यावर टेकतच नाही. मग माणूस सांगत सुटतो, की गावचं रेडिओ केंद्र बंद पडलं. केंद्रात बायका रोज कार्यक्रम करत असतात, आणि यांच्या गाडीत ते बंद!

मध्यम लहरींवरही हाच घोटाळा. आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. पुण्याचं ७९२ अमेरिकन सेटिंगमध्ये ७९० वर शोधावं लागतं, मुंबईचं ५५८ थेट ५६० वर. प्रदेश बदलून आशिया किंवा युरोप केला, की हे आकडे आपापल्या जागी येतात. सेटिंगमध्ये हा पर्याय सहज सापडला नाही, तर तो 'फॅक्टरी सेटिंग'मध्ये पासवर्डमागे असतो आणि पासवर्ड विकणाऱ्याकडून मागून घेता येतो. मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक बटण जाता जाता सांगतो, कारण त्याने फार लोकांना छळलं आहे. रेडिओच्या स्क्रीनवर 'एलओसी' अशी अक्षरं पेटलेली असतील, तर आपोआप स्टेशन शोधताना सेट दूरची, मंद स्टेशनं मुद्दाम सोडून देतो. ते बंद केलं की शोध लांबवर जातो.

सिग्नल वीक म्हणणाऱ्यांना खरखरीचा प्रकारही ओळखता येत नाही, आणि निदान तर त्यावरच अवलंबून आहे. नुसती पावसासारखी सरसर येत असेल आणि इंजिन बंद केल्यावरही तशीच राहत असेल, तर सिग्नल सेटपर्यंत पोचत नाही: निळी वायर, अर्धवट बसलेली पिन, दुमडून दबलेली केबल. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी-उतरणारी शीळ असेल, तर अर्थिंग कच्चं आहे. काळी वायर डॅशबोर्डच्या एखाद्या स्क्रूखाली दाबून वेळ भागवलेली असते, ती गाडीच्या बॉडीला रंग खरवडून घट्ट बसवावी लागते. आणि स्टेशन लागतं पण वर करकर आहे, तर आधी सिगरेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर उपटा. मग डॅशकॅमची वायर काढा. मग बाहेरून बसवलेले एलईडी दिवे बंद करून बघा. या सगळ्यांत वीज वेगाने तोडून-जोडून व्होल्टेज बदलणारी मंडळं असतात आणि हलक्या प्रतीच्या मंडळांचा कचरा थेट एफएमच्या पट्ट्यात पडतो. लोक नव्या स्टिरिओबरोबर त्याच दिवशी डॅशकॅम आणि चार्जरही घेतात आणि शिव्या मात्र स्टिरिओला बसतात. मागच्या काचेत एरियल असलेल्या गाडीवर धातूचा थर असलेली फिल्म लावली, तर तिथेही सिग्नल अडतो. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, त्यामुळे ती काढण्यात दुहेरी लाभ आहे.

एक चाचणी कुणालाही करता येते. सेट पुढे ओढून एरियलची पिन काढा आणि त्या खाचेच्या मधल्या भोकात पाऊण मीटर साधी वायर घालून तिचं दुसरं टोक खिडकीबाहेर धरा. वायरीचं उघडं तांबं मात्र बाजूच्या धातूला टेकू देऊ नका. स्टेशनं सुधारली, तर स्टिरिओ निर्दोष आहे आणि बिघाड एरियलच्या बाजूला आहे. सुधारली नाहीत, तर सेट बदलून मागा. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. दुकानात ही चाचणी कुणी करताना मला आजवर दिसलेलं नाही.

हौशी मंडळींना एक इशारा देतो. निळी वायर सापडली नाही म्हणून एरियलचा अँप्लिफायर पिवळ्या वायरीला जोडू नका. तो रात्रंदिवस चालू राहील आणि उभ्या गाडीची बॅटरी बसवेल. साध्या, वीज न लागणाऱ्या एरियलच्या केबलमध्ये १२ व्होल्ट सोडण्याचा प्रयोगही करू नका.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि मला सगळ्यांत जास्त खटकतो: रेडिओ कालबाह्य झाला, नॉर्वेने तर एफएम बंदच केलं, आता कशाला त्याच्यामागे लागायचं? नॉर्वेचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. २०१७ मध्ये तिथे राष्ट्रीय वाहिन्यांनी एफएम सोडलं ते डिजिटल रेडिओवर जाण्यासाठी. रेडिओ त्यांनी सोडला नाही, आणि छोटी स्थानिक केंद्रं पुढेही एफएमवर राहिली. आपल्याकडे चित्र याच्या उलट आहे. एप्रिल २०२३ मध्ये आकाशवाणीचे १०० वॉटचे ९१ नवे एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मेलेल्या माध्यमासाठी कुणी प्रक्षेपक उभारत नाही. आणि १०० वॉटचा प्रक्षेपक ऐकायचा, तर गाडीचा एरियल जिवंत असावाच लागतो.

"फोन जोडा" या सल्ल्याचं बोलू. फोनमधला रेडिओ म्हणजे इंटरनेटवरून येणारा आवाज. त्याला टॉवर लागतो, डेटा लागतो, चार्जिंग लागतं. वादळात किंवा पुरात पहिली माती होते ती याचीच. अनेक फोनमध्ये खरा एफएम रिसीव्हर असायचा, तो उत्पादकांनी एकेक करून काढून टाकला किंवा बंद ठेवला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना तो पुन्हा उपलब्ध करून द्यायला सांगितलं, आणि त्यामागे आपत्तीच्या वेळी रेडिओ लागतो हेच कारण दिलं. म्हणजे फोनमधून रेडिओ गेला याची सरकारला चिंता, आणि गाडीत तो असूनही आम्ही एका वायरीपायी तो घालवून बसणार! पुरात रस्ता तुटलेला असताना गाडीत अडकलेल्या माणसाकडे बॅटरी असते, सेट असतो, एरियल असतो. त्याला पुढचा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी ऐकता आली पाहिजे.

हा प्रश्न आवडीनिवडीचाही नाही. मी रेडिओ ऐकतो की नाही हे दुकानदाराने ठरवायचं नाही. सेटच्या खोक्यावर 'एएम/एफएम' छापलेलं आहे आणि त्याचे पैसे मी मोजले आहेत. गाडी आली तेव्हा चालू असलेली एक सोय बसवणाऱ्याच्या हातून बंद पडली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये त्याला नाव आहे: सेवेतील त्रुटी. बूस्टरचे पैसे मागण्याआधी दुकानदाराने स्वतःची त्रुटी फुकट दुरुस्त करायला हवी.

आणि सेट बदलायला निघालेल्यांनी जुन्या सेटची चौकशीही करावी. मारुती आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत कंपनीच्या सेटमध्ये डीआरएम, म्हणजे मध्यम लहरींवरचा डिजिटल रेडिओ असतो. आकाशवाणीने देशभर त्याचे प्रक्षेपक उभारले आहेत आणि आवाज सुंदर येतो. बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये तो नसतो. मोठ्या स्क्रीनच्या मोहात काय काढून टाकतो आहोत, ते आधी माहीत असावं.

हवेचा खरा दोष असतो तोही सांगितला पाहिजे. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. खंडाळ्याच्या घाटात, बोगद्यात, सह्याद्रीच्या कुशीतल्या कोकणी वळणांवर स्टेशन जाणारच, आणि जगातला कुठलाही सेट ते परत आणणार नाही. शहरापासून दूर गेल्यावर स्टिरिओ आवाज मोनो होतो, तोही बिघाड नाही. मंद सिग्नलवर मोनोत खरखर कमी ऐकू येते म्हणून सेट स्वतःच तसं करतो. पण घाटात जे होतं तेच कोथरूडच्या सिग्नलला होत असेल, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर होत असेल, नागपूरला वर्धा रोडवर होत असेल, तर ते हवेच्या माथी मारू देऊ नका.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. नवा सेट बसवून झाला की पैसे देण्याआधी इंजिन चालू करून गाडीत बसा. मोठी स्टेशनं लावू नका, ती कशीही लागतात. पुण्यात असाल तर १०१.० आणि १०७.४ लावा, दुसरीकडे असाल तर तुमच्या गावचं आकाशवाणी केंद्र आणि जवळचं सामुदायिक केंद्र लावा. लागलं नाही, तर दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: निळी वायर कुठे जोडली, आणि रेडिओचा प्रदेश कुठला ठेवला. उत्तर मिळेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.